तीनच्या शेजारी आठ

"तुमच्या कोड्याला दोन उत्तरं आहेत," असं खिडकीबाहेरून टाचणीसिस्टर म्हणाल्या तेव्हा त्याने आधी फटीतून आत सरकलेल्या कागदाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, आणि सगळ्यांत शेवटी त्यांच्याकडे. सव्वीस वर्षं तो या खिडकीमागे बसत होता. रुग्णालयातल्या एकशे चौदा सिस्टरांच्या ड्यूटीचा तक्ता दर महिन्याला तोच करायचा, म्हणून त्याला सगळे तक्तेवाले म्हणत, आणि त्याचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. खिडकीला खालच्या बाजूला टपालपेटीसारखी फट होती. तक्ता फळ्यावर लागला की पुढचे दोन दिवस त्या फटीतून बदलाच्या चिठ्ठ्या येत. चिठ्ठीवर तीन रकाने असत: नाव, विनंती, कारण. कारणाचा रकाना कोरा असेल तर तो चिठ्ठी परत करायचा. कारण खरंच असलं पाहिजे असा त्याचा आग्रह नव्हता, ते लिहिलेलं असलं की झालं. एका सिस्टरच्या सासूबाई एका वर्षात सात वेळा अत्यवस्थ झाल्या होत्या, सातही वेळा रविवारी. त्याने सातही वेळा पाळी बदलून दिली आणि आठव्यांदा फक्त सासूबाईंच्या तब्येतीची चौकशी केली, तेव्हापासून त्या ठणठणीत होत्या. असं सगळं त्या फटीतून आत आलं होतं, रुसवे, धमक्या, खोटी दुखणी, एकदा तर नुसता कोरा कागद. पण दोन उत्तरं आहेत असं कुणी कधी म्हणालं नव्हतं. सुडोकू करणाऱ्याला याहून वाईट काही ऐकवता येत नाही. कोडं अवघड आहे म्हणावं, रटाळ आहे म्हणावं, ते तो पचवू शकला असता. दोन उत्तरांचं कोडं म्हणजे एकच खाट दोन रोग्यांना देऊन ठेवल्यासारखं. दोघेही कागद दाखवतात, दोघांचेही कागद बरोबर असतात, आणि चूक असते ती खिडकीमागे बसलेल्याची.

"बघा सावकाश," टाचणीसिस्टर म्हणाल्या. "मी दोनदा तपासलंय. तिसऱ्यांदा तुम्ही तपासा." आणि त्या गेल्या. उंच, सडपातळ, चालताना खांदा जराही न हलणाऱ्या. गणवेशाच्या कॉलरच्या आतल्या बाजूला त्या नेहमी दोन टाचण्या टोचून ठेवत, कुठल्या वेळी काय टाचावं लागेल सांगता येत नाही म्हणून. नाव त्यावरून पडलं होतं, पण ते टिकलं त्यांच्या बोलण्यामुळे. त्या कोडी शाईने सोडवायच्या. हा कागदही शाईने भरलेला होता, एकही खाडाखोड नाही, फक्त चार घरं पेन्सिलीने लिहिलेली. चौथ्या आणि सहाव्या आडव्या ओळीत, दुसरं घर आणि पाचवं घर. चारही घरांत बारीक अक्षरात तीन आणि आठ, दोन्ही. वरच्या ओळीत तीन-आठ आणि खाली आठ-तीन असं बसवा, चालतं. उलट बसवा, तेही चालतं. ओळी बिघडत नाहीत, उभ्या रांगा बिघडत नाहीत, नऊ घरांच्या पेट्याही बिघडत नाहीत. शाळकरी चूक. नवखा कोडंकार पहिल्या महिन्यात ती करतो आणि जन्मभर विसरत नाही.

आणि हे कोडं तर त्याने साधं केलंच नव्हतं. कोडी करायची सवय त्याला तक्त्यामुळेच लागली होती. आठ वर्षांपूर्वी मेट्रनबाईंनी कर्मचाऱ्यांचं भित्तिपत्रक सुरू केलं आणि त्याचा खालचा उजवा कोपरा कुणालाच भरता येईना, तो त्याच्या वाट्याला आला. दर महिन्याला एक सुडोकू. सिस्टरांच्या खोलीत त्याच्या नकला काढून वाटल्या जात, आणि मधल्या सुट्टीत तिथे कुणाचं आधी झालं यावरून चढाओढ चाले. मग गेल्या महिन्यात टाचणीसिस्टर जाता जाता खिडकीशी थांबून म्हणाल्या होत्या, की तक्तेवाले, तुमची कोडी आता हात धुता धुता सुटतात. त्याला ते लागलं. घरी जाताना त्याच्या मनात आलं की सव्वीस वर्षं आपण जे करतोय ते कुणाला हात धुता धुता जमणार आहे? एकीला दुसरीबरोबर चालत नाही, तिसरी एकटी घाबरते, चौथीला कोपऱ्यातल्या वॉर्डात कोंडल्यासारखं होतं. हे सगळं सांभाळून महिन्याचे तीस दिवस भरायचे, आणि भरल्यावर ते असे दिसले पाहिजेत की जणू आपोआपच भरले गेले. त्याचंच कोडं का करू नये? म्हणून त्याने नेहमीच्या नियमांवर आणखी चार नियम बांधले. एक आणि नऊ कधी भिंतीला भिंत लागून येणार नाहीत. पाच कधी एकटा असणार नाही, त्याच्या भिंतीला सहा किंवा सात हवाच. सात हा चौकटीच्या चार टोकांच्या घरांत बसणार नाही. आणि दोन आपल्या पेटीच्या मधोमध येणार नाही. वाचणाऱ्याला हे आकड्यांचे नखरे वाटावेत. त्याच्या मनात मात्र नऊ म्हणजे मेट्रनबाई होत्या आणि एक म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या प्रमुख, आणि या दोघींत मोठी कोण हा प्रश्न अठरा वर्षं मिटला नव्हता. पाच म्हणजे नुकत्या लागलेल्या मुली, सहा आणि सात म्हणजे त्यांच्या सोबतीला द्यायच्या दोन जुन्या सिस्टर, आणि कोपऱ्यातला वॉर्ड न सोसणारी ती सातच. दोन म्हणजे त्या बिचाऱ्या, ज्यांना चार माणसांच्या मध्ये उभं केलं की हातातला ट्रे थरथरतो. हे तो कुणालाही सांगणार नव्हता. त्याला त्यात एक गंमत वाटत होती, आरशाच्या मागच्या बाजूने पाहिल्यासारखी.

तीन आठवडे तो त्या कोड्यावर बसला होता. आधी पूर्ण भरलेली चौकट तयार केली. मग एकेक आकडा खोडायचा, आणि प्रत्येक वेळी तपासायचं की हा नसला तरी तिथवर पोचायला वाट आहे ना, आणि ती एकच आहे ना. खोडण्यातच खरं काम असतं. कमी सांगून सगळं कळलं पाहिजे. शेवटी पंचवीस आकडे उरले तेव्हा तो स्वतःवर इतका खूश झाला की त्या दिवशी आलेल्या चारही चिठ्ठ्या त्याने कारण न वाचता मंजूर केल्या. आता तो ती चार घरं पुन्हा पाहत होता. चौथ्या ओळीतल्या दुसऱ्या घरातून त्याने आकडा खोडला होता तो कसा? त्याने तो क्षण आठवायचा प्रयत्न केला. सोपं होतं. तिथे तीनच येणार, कारण आठ येऊच शकत नाही. का येऊ शकत नाही? कारण त्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्याला, तिसऱ्या ओळीच्या पहिल्याच घरात, तीन बसलेला आहे. मग? मग काय, तीनला आठ लागत नाही, भिंतीनेही नाही आणि कोपऱ्यानेही नाही. हे त्याने मनात इतक्या सहज म्हटलं की पुढचा प्रश्न यायला थोडा वेळ लागला. हे कुठे लिहिलंय? त्याने चारही नियम बोट ठेवून वाचले. मग टेबलाच्या खणातली आपली जुनी वही काढली, जिच्यात डाव्या रकान्यात कुणाला काय चालत नाही आणि उजव्या रकान्यात का, हे सव्वीस वर्षांचं टिपलेलं होतं. त्यातही नव्हतं. जे विसरण्याची भीती असते ते माणूस लिहून ठेवतो. आपण श्वास घेतो हे कुणी लिहीत नाही.

तीन म्हणजे टाचणीसिस्टर. आणि आठ, मध्ये दोरी बांधलेल्या उशीसारखा तो आठ, म्हणजे उशीसिस्टर.

एके काळी ही दोन नावं वेगळी घेतलीच जात नसत. एक उंच आणि टोकदार, एक बुटकी, गोल, आवाजसुद्धा असा की रोग्याला औषध घेण्याआधीच बरं वाटावं. टाचणी कुठे आहे असं कुणी विचारलं की वॉर्डातलं कुणीतरी हमखास म्हणायचं, उशीत असेल बघा. दोघी एकाच वर्षी लागलेल्या, एकाच वॉर्डात, आणि त्यांची साप्ताहिक सुट्टीही एका दिवशी असायची, त्यासाठी त्याला दर महिन्याला कसरत करावी लागे. मग बारा वर्षांपूर्वी एका सकाळी त्याच्या खिडकीसमोरच्या बोळात, कपड्यांच्या कपाटाशी, त्या दोघी भांडल्या. काय झालं ते त्याला कळलं नाही. त्याला दिसली ती उशीसिस्टरांची पाठ आणि टाचणीसिस्टरांचा पांढरा पडलेला चेहरा, आणि ऐकू आलं ते एकच वाक्य. "माझ्या पाळीत पुन्हा येऊ नकोस." ते उशीसिस्टर म्हणाल्या होत्या, त्याच मऊ आवाजात, म्हणून ते जास्त भयंकर वाटलं. त्याच आठवड्यात पुढच्या महिन्याचा तक्ता करायचा होता. त्याने फार विचार केला नाही. एकीला सकाळ दिली, एकीला दुपार. एकीला तळमजला, एकीला तिसरा. सुट्ट्याही वेगळ्या केल्या, उगाच बसथांब्यावर गाठ पडायला नको. कुणाची चिठ्ठी आली नाही, ना हिची ना तिची. त्याने ते मनात नोंदवून ठेवलं, की कुणीही तक्रार केली नाही, म्हणजे जमलं. आणि मग पुढचा महिना, आणि त्याच्या पुढचा. त्याला हिशेब घालायची सवय होती, त्याने आता घातला: एकशे चव्वेचाळीस तक्ते. त्यातल्या एकातही या दोन नावांचा कोपरासुद्धा एकमेकांना लागला नव्हता. इतकं नेटकं काम त्याने दुसरं कुठलं केलं नव्हतं, आणि त्याचा त्याला आजवर, खरं सांगायचं तर, एक प्रकारचा अभिमानच होता. न मागता केलेला उपकार, न बोलून जपलेला.

हे त्याला कुठून आलं तेही त्याला माहीत होतं. लहानपणी घरात वडील आणि काका एकमेकांशी बोलत नसत. का, ते मुलांना कुणी सांगितलं नाही. पण जेवायला एकाच वेळी बसायचे, कारण घर लहान होतं आणि स्वयंपाक एकदाच व्हायचा. आई ताटं मांडायची. डावीकडे वडील, उजवीकडे काका, मध्ये तो. पाणी मागायचं झालं तर वडील त्याला सांगायचे, तो काकांकडच्या तांब्याकडे हात करायचा, काका तांब्या त्याच्याकडे सरकवायचे. त्याला वाटायचं की सगळ्याच घरांत मधल्या मुलाला हे काम असतं. आई हे इतक्या सफाईने करायची की पाहुण्यांच्याही लक्षात येत नसे. कोण कधी अंघोळीला जाईल, कोण कुठल्या दाराने बाहेर पडेल, सगळं तिच्या हाताखालून जायचं आणि आवाज म्हणून व्हायचा नाही. घरात तिचं कौतुक होतं, तिने घर एकत्र ठेवलं म्हणून. काका गेले तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. काही दिवस उलटल्यावर एका दुपारी वडील जेवायला बसले, उजवीकडच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले, आणि आईकडे न पाहता म्हणाले, "एकदा समोरासमोर बसवलं असतंस तर निदान भांडलो तरी असतो." आईच्या हातातला चमचा क्षणभर थांबला, मग तिने वाढलं. त्याला तेव्हा वडिलांचा राग आला होता. जन्मभर जिने सांभाळलं तिलाच हे ऐकवायचं. तो राग त्याने इतकी वर्षं नीट घडी घालून ठेवला होता. आज उघडून पाहिला तर त्याला पूर्वीची ऊब राहिली नव्हती.

संध्याकाळी घरी आल्यावर त्याने कोडं जेवणाच्या टेबलावर पसरलं. बायकोने चष्मा पुसत विचारलं की झालं का सगळ्यांचं सोडवून, आणि त्याने चूक सांगितली. ती त्याने नुसती आकड्यांची चूक म्हणून सांगितली. बायको शाळेत शिकवायची आणि तिला अर्धवट उत्तर लगेच ओळखू यायचं. तिने थोडं ऐकून घेतलं आणि म्हणाली की म्हणजे नियम तुमच्या डोक्यात होता, पण कागदावर नव्हता. मग ती भांडी लावता लावता हसायला लागली. त्याने का हसतेस विचारलं.

"अहो, माझी ताई आणि तुमची बहीण. आपल्याकडे दोघी एका वेळी कधी आल्यात?"

त्याने म्हटलं की दोघींच्या जिभेला धार, एका खोलीत कशाला. एकदा वाजलं होतं ना मुलाच्या वाढदिवसाला.

"एकदाच. वीस वर्षं झाली. आता ताईला वाटतं, तुमची बहीण ती असेल तर येत नाही. आणि तुमच्या बहिणीला वाटतं, माझी ताई तिला टाळते. दोघीही मलाच विचारतात. मी काय सांगू? आमच्याकडे एक तक्तेवाले आहेत म्हणून?" ती हसतच होती, तिला ते घरातलं जुनं विनोदाचं प्रकरण वाटत होतं. त्याने मात्र हातातली पेन्सिल खाली ठेवली. दोघींना वाटतं की दुसरीने सांगितलं. इतकं साधं. बारा वर्षांत त्याला ते एकदाही सुचलं नव्हतं, कारण प्रत्येक तक्त्यात त्याने सगळ्यांची जागा पाहिली होती, स्वतःची सोडून. फळ्यापुढे उभ्या राहणाऱ्या सिस्टरला तक्ता करणारा दिसत नाही, नावं दिसतात. आपलं नाव हिच्याजवळून उचलून तिसऱ्या मजल्यावर ठेवलेलं दिसतं. ते कुणी मागितलं असेल? आपण तर नाही मागितलं. मग एकच माणूस उरतं. खोडत गेलं की शेवटी एकच आकडा उरतो, अगदी त्याच पद्धतीने, आणि तो चुकीचा.

त्या रात्री नव्हे पण दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये त्याला आठवलं की उशीसिस्टर पुढच्या महिन्याच्या अखेरीला जाणार आहेत. नोकरी सोडून, दुसऱ्या शहरात, मुलीकडे. तसा अर्ज त्याच्याच टेबलावरून पुढे गेला होता. म्हणजे या दोघींना एकत्र आणायचं तर एकच तक्ता उरला होता, आणि तो उद्या लागायचा होता. कच्चा तयारही होता. नेहमीसारखा, एक तळमजल्यावर, एक तिसऱ्यावर.

टाचणीसिस्टर अकराच्या सुमाराला आल्या. त्याने ठरवलं होतं तेवढंच सांगितलं, की पाचवा एक नियम लिहायचा राहिला, तीन आणि आठ एकमेकांना लागत नाहीत, कोपऱ्यानेही नाही, तो धरला की उत्तर एकच येतं. त्यांनी तो नियम कागदाच्या मार्जिनमध्ये लिहून घेतला. लिहून झाल्यावर त्या कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या की बाकीचे ओळखले होते हो सगळ्यांनी. त्याला कळेना. त्यांनी थंडपणे समजावलं, की नऊ म्हणजे मेट्रनबाई हे तर सिस्टरांच्या खोलीत पाच मिनिटांत ठरलं, एकवरून थोडा वाद झाला, आणि सात कोण ते स्वतः सातनेच सांगितलं, तिला फार आवडलं. त्याला कानाच्या पाळ्या गरम झाल्यासारखं वाटलं. आरशाच्या मागे आपण एकटेच आहोत असं समजत होतो, आणि पलीकडे पूर्ण खोली उभी होती.

"तीन कोण ते मात्र कळत नव्हतं," टाचणीसिस्टर म्हणाल्या. "तीनला आणि आठला काही नियमच नव्हता." त्यांनी कॉलरमधली एक टाचणी काढली, पाहिली आणि पुन्हा तिथेच टोचली. "तिनं येऊन सांगितलं होतं ना तुम्हाला? तेव्हा. माझ्याबरोबर ड्यूटी नको म्हणून."

त्याला नुसती मान हलवता आली असती. तिने एक वाक्य म्हटलं तर होतंच, त्याने ते ऐकलं तर होतंच, मान हलवली असती तरी ते धड खोटंही ठरलं नसतं. बारा वर्षं जे उभं होतं ते तसंच उभं राहिलं असतं, आणि महिन्याभराने उशीसिस्टर गेल्यावर कुणी विचारणारंही उरलं नसतं. त्याने फटीच्या पत्र्यावर ठेवलेल्या आपल्या बोटांकडे पाहिलं. त्याला वडिलांची ती उजवीकडे वळलेली मान दिसली.

"नाही," तो म्हणाला. "त्या नाही आल्या. कुणीच नाही आलं. मी ऐकलं ते बोळात, आणि माझं मीच ठरवलं."

बोळातून एक स्ट्रेचर गेलं. त्याचं एक चाक करकरत होतं, ते वळणापर्यंत ऐकू आलं. टाचणीसिस्टरांचा खांदा, जो कधी हलत नसे, तो एकदा किंचित खाली गेला. मग त्या हळू आवाजात बोलू लागल्या, त्याला उद्देशून कमी आणि त्या पत्र्याला उद्देशून जास्त. चादरींवरून झालं होतं ते. मोजणीत दोन चादरी कमी भरल्या आणि त्या उशीसिस्टरांना म्हणाल्या की तूच मोजताना बोलत बसतेस. चार दिवसांनी चादरी धुलाईच्या गाठोड्यात सापडल्या. सापडल्या तेव्हा टाचणीसिस्टर स्वतःच ते तिला सांगायला निघाल्या होत्या, तर वाटेत फळ्यावर नवा तक्ता लागलेला. "तो वाचला आणि परत फिरले. म्हटलं, इतकं लागलं तिला, की लेखी देऊन आली."

त्याने म्हटलं की त्यांनाही तेच वाटत असणार. तुम्ही लेखी दिलं असं.

"हे मला कळतंय, तक्तेवाले." आता त्यांनी सरळ त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

कुणी विचारलं नव्हतं, हेच तर त्याने इतकी वर्षं आपल्या बाजूला जमा धरलं होतं. त्याने चूक झाली असं काहीतरी म्हटलं, आणि आपण आत्ता खाली जाऊन उशीसिस्टरांना सगळं सांगतो असंही. त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"तुम्ही काही सांगायला जाऊ नका. तुम्ही गेलात की ती तुम्हाला माफ करेल, चहा देईल, आणि माझं तिथंच राहील." मग म्हणाल्या, "उद्याच्या तक्त्यात तिची सकाळ आहे?"

तो हो म्हणाला. तळमजला.

"मग माझं नाव तिथं घाला. आणि कुणी विचारलं, तर सांगा, मी येऊन सांगितलं म्हणून. यावेळी ते खरं असेल."

त्याने त्या दुपारी कच्चा तक्ता पुन्हा मांडला. एक नाव हलवलं की अकरा नावं हलतात, हे बाहेरच्यांना कळत नाही. तिसऱ्या मजल्यावरची जागा भरायला दुसरीकडून कुणीतरी आणावं लागलं, तिच्या जागी तिसरी. पाच वाजेपर्यंत तो खोडत राहिला. शेवटी तळमजल्याच्या सकाळच्या ओळीत ती दोन नावं एकाखाली एक लिहिताना त्याचा हात खरोखरच अडला. त्याला हसू आलं. इतक्या वर्षांची सवय, बोटांनाही नियम पाठ. सुट्ट्या मात्र त्याने उशीसिस्टरांना बुधवार आणि टाचणीसिस्टरांना शुक्रवार अशा वेगळ्याच ठेवल्या. एका वॉर्डातल्या दोघींना एका दिवशी सुट्टी द्यायची नाही हा रुग्णालयाचाच नियम होता, आणि बारा वर्षांपूर्वीपर्यंत फक्त त्या दोघींसाठी तो तो मोडत असे. आता कशाला, असं त्याने स्वतःला सांगितलं. एका वेळी एक कोपरा लागला तरी खूप झालं.

तक्ता लागला. तो खिडकीतून बघत होता, न बघितल्यासारखं करत. उशीसिस्टर साडेदहाला आल्या, चष्मा कपाळावर, तो खाली ओढून. त्यांनी नेहमीप्रमाणे ओळीवर बोट ठेवलं आणि आडवं नेत नेत शेवटपर्यंत गेल्या. मग बोट एक ओळ खाली उतरलं आणि तिथेच राहिलं. इतका वेळ की मागे उभ्या असलेल्या दोघीजणी बाजूने वाकून बघायला लागल्या. मग त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला आणि त्या निघून गेल्या, खिडकीकडे न बघता. त्यांच्या पाठीवरून काही वाचता येईना. पाठ वाचण्यात तो एकदा फसला होताच.

पहिल्या दिवशी नऊ चिठ्ठ्या आल्या. लग्नं, परीक्षा, गुडघे. प्रत्येक वेळी फटीचा पत्रा वाजला की तो आधी अक्षर बघायचा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाच. त्याने मनात ठरवून टाकलं की न येणं हेच उत्तर आहे, आणि लगेच त्याला आठवलं की बारा वर्षांपूर्वीही त्याने अगदी हेच ठरवलं होतं. कुणी तक्रार केली नाही, म्हणजे जमलं. त्याला ती आपली जुनी खात्री आता हातात धरवेना. चार वाजता खिडकी बंद व्हायची. चारला दहा कमी असताना पत्रा वाजला.

अक्षर गोल होतं. नाव, उशीसिस्टरांचं. विनंतीच्या रकान्यात पहिला शब्द दिसला तो "रद्द", आणि त्याने चिठ्ठी पालथी घातली. बोळात पाहिलं, कुणी नव्हतं. संपलं तर मग. तिला नको आहे, लेखी आहे, यावेळी खरोखरच लेखी आहे. आता ही चिठ्ठी वर तिसऱ्या मजल्यावर कोण नेऊन दाखवणार? त्याने ती पुन्हा उलटली, कारण न वाचता नामंजूर करणं त्याला कधी जमलं नव्हतं, आणि पूर्ण वाचली. "माझी बुधवारची साप्ताहिक सुट्टी रद्द करून शुक्रवारी मिळावी." त्याने ते तीनदा वाचलं. शुक्रवार. एकीचा शुक्रवार आधीच होता. कारणाच्या रकान्यात काही नव्हतं. तिथे पेन टेकवल्याचा एक निळा ठिपका होता, म्हणजे लिहायला सुरुवात करून मग नको वाटलं असावं.

नियमाप्रमाणे ती चिठ्ठी परत जायला हवी होती, एकदा कोऱ्या कारणासाठी आणि एकदा शुक्रवारसाठी. दोघी एकदम गेल्या तर तळमजल्यावर चारही शुक्रवारी नवी मुलगी एकटी पडत होती. पाचला एकटं ठेवता येत नाही. त्याने खुर्ची पुढे ओढली. सहा त्या दिवशी दुपारी होती, ती हलत नव्हती. सात हलत होती, पण मग तिचा कोपऱ्यातला वॉर्ड टाळायचा म्हणजे दोनला तिकडे न्यायचं, आणि तिथे ती गर्दीच्या मध्ये सापडणार नाही हे बघायचं. त्याने खोडलं, लिहिलं, पुन्हा खोडलं. चार वाजून गेले, खिडकी उघडीच राहिली. पावणेपाचला सगळं बसलं. त्याने कोऱ्या रकान्याखाली सही केली.

मग लाल पेन घेऊन तो फळ्यापाशी गेला. बुधवार खोडून शुक्रवार केला, सात आणि दोनची नावं बदलली, प्रत्येक बदलाशेजारी आद्याक्षर घातलं. सहा पावलांवर भित्तिपत्रक होतं आणि त्याच्या उजव्या कोपऱ्यात अजून ते सदोष कोडं. पाचवा नियम लिहिलेली पट्टी त्याच्या खिशात होती, डिंक लावून तयार, दोन दिवसांपूर्वीच केलेली. त्याने ती काढली, वाचली, आणि तिची बारीक घडी करून पुन्हा खिशात टाकली. दुसरं उत्तर मिटवायला नवा नियमच लागतो असं नाही, एक आकडा आधीच भरून दिला तरी चालतं. त्याने चौथ्या ओळीचं दुसरं घर बोटाने शोधलं. त्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्याला तीन होता. त्या घरात त्याने लाल शाईने, शक्य तितका नीट, आठ काढला.